गेटाबाहेर काढलं की जबाबदारी संपते का? किनारपट्टीच्या क्लब-बार मालकांना खुलं पत्र

गोव्याच्या किनारपट्टीवर क्लब, बार आणि पब चालवणाऱ्या मालकांस,
तसंच त्यांच्या परवान्यांवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांस,

सविनय नमस्कार.

तुमच्यापैकी एकाने पाठवलेलं उत्तर माझ्यापुढे टेबलावर आहे. माझ्या भावाला क्लबाच्या गेटाबाहेर झालेल्या मारहाणीबद्दल आमच्या वकिलांनी पाठवलेल्या नोटिशीला आलेलं. इंग्रजीत आहे आणि तीनच वाक्यांचं आहे. घटना आवाराबाहेर घडली, तिच्याशी आमच्या आस्थापनाचा संबंध नाही, मागणी अमान्य. खाली सही आणि शिक्का.

हे उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आई स्वयंपाकघरात पेज गाळत होती. आमच्या घरची नेहमीची पेज नव्हे. तांदूळ पार मऊ शिजवायचा, मिक्सरमधून काढायचा आणि मग फडक्यातून गाळायचा, कारण एखादं शीत राहिलं तरी ते माझ्या भावाच्या दातांवरच्या तारेत अडकायचं. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले होते. सहा आठवडे तो स्ट्रॉने जेवला. बोलायचं असलं की वहीत लिहून दाखवायचा. आज तार निघालीय, पण डाव्या कानाने त्याला पूर्वीसारखं ऐकू येत नाही.

‘आवाराबाहेर’ हा एकच शब्द मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा वाचला. त्या एका मालकाला उत्तर आमचे वकील देतील. पण नंतर मी जिथे जिथे विचारलं तिथे हाच शब्द ऐकला. दुसऱ्या क्लबांत ज्यांच्या पोरांना असाच मार बसला त्यांनाही हेच सांगितलेलं. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

काय घडलं ते आधी सांगते. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबांतही हेच आहे.

जानेवारीतला शनिवार. माझा भाऊ 27 वर्षांचा, थिवीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. त्याच्या सोबतचा एक जण नोकरी सोडून पुण्याला चालला होता, त्याला निरोप द्यायला पाच जण किनाऱ्यावरच्या एका क्लबात गेले. तीन मुलगे, दोन मुली. दारात प्रत्येकाने पैसे भरले, मनगटाला कागदी पट्टा बांधून घेतला. बाउन्सरनी अंग चाचपलं, मुलींच्या पर्स उघडून पाहिल्या, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर ठेवायला लावली. आत कोण येतो आणि काय घेऊन येतो यावर क्लबाचा पूर्ण ताबा होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

साडेबाराच्या सुमारास शेजारच्या टेबलावरच्या सात-आठ जणांपैकी दोघे भावाच्या सहकारी मुलीच्या अंगचटीला येऊन नाचायला लागले. तिने बाजूला व्हायला सांगितलं. ते परत आले. भावाने वेटरला सांगितलं, वेटर हसून निघून गेला. मग त्याने फ्लोअर मॅनेजरला गाठलं. म्हणाला, ही माणसं त्रास देतायत, त्यांना समज द्या नाहीतर आम्हाला दुसरीकडे बसवा. मॅनेजर ‘बघतो’ म्हणाला आणि पाच मिनिटांत त्याच टेबलावर नवी बाटली आली. तिसऱ्या वेळी त्यांच्यातला एक जण भावाला म्हणाला, ‘बाहेर ये, दाखवतो.’ हे शब्द भावाने जसेच्या तसे जाऊन बाउन्सरला सांगितले. त्याचं उत्तर होतं, ‘भाई, एन्जॉय करो, कुछ नहीं होता.’

दहा मिनिटांनी ढकलाढकली झाली. चार बाउन्सर धावत आले. त्यांनी भावाला आणि त्याच्या एका मित्राला कॉलरला धरलं, त्या टोळक्यातल्या सहा जणांनाही धरलं, आणि सगळ्यांना एकाच वेळी, एकाच मागच्या दाराने रस्त्यावर काढलं. त्या दारावर नवाकोरा हिरवा दिवा होता, बाहेर पडायची वाट दाखवणारा. हडफड्याच्या नाइटक्लबात डिसेंबरमध्ये लागलेल्या आगीनंतर लावलेला. मग लोखंडी गेट आतून ओढून घेतलं.

पुढचं सगळं गेटाच्या गजांतून दिसत होतं. सहा जण दोघांना मारत होते. मित्र कसाबसा पळाला, भाऊ खाली पडला. त्याचा एक बूट आतच राहिला होता. गेटाच्या आत तीन बाउन्सर उभे होते. मुली गज धरून ओरडत होत्या, गेट उघडा, त्याला आत घ्या. एका बाउन्सरने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. दुसरा म्हणाला, ‘बाहर का हमारा काम नहीं, पुलिस को बुलाओ.’ 112 वर फोन त्या मुलीनेच केला, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं होतं. क्लबाच्या एकाही फोनवरून तो गेला नाही.

मारणारे थांबले ते एका टॅक्सीवाल्यामुळे. त्याने गाडीचे दिवे त्यांच्या तोंडावर सोडले आणि हॉर्नवरचा हात काढलाच नाही. टोळकं पांगलं. ‘बाय, भियेनाका,’ एवढंच तो मुलींना म्हणाला आणि भावाला मागच्या सीटवर झोपवून इस्पितळात घेऊन गेला. भाडं घेतलं नाही. सीट रक्ताने भरली होती, तरी काही बोलला नाही. क्लबाशी त्याचा काय संबंध होता? त्याने कोणाकडून प्रवेश फी घेतली नव्हती.

पहाटे मी इस्पितळात पोचले तेव्हा नर्स भावाच्या हाताला सलाइन लावायची तयारी करत होती. मनगटावरचा पट्टा आड येत होता, तिने तो कात्रीने कापून मला दिला. कागद भिजून मऊ झाला होता, पण त्यावरचं क्लबाचं नाव नीट वाचता येत होतं. मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. ज्याला तुम्ही आवाराबाहेरचा म्हणता त्याच्या हातावर तुमचंच नाव होतं.

आता माझ्या तक्रारी.

मारणारे तुमचे नोकर नव्हते, हे मला मान्य आहे. त्यांच्यावर गुन्हा दाखल आहे. हाड मोडणं म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे गंभीर दुखापत, त्याचा न्याय फौजदारी कोर्टात होईल. तुमच्याबद्दलची तक्रार वेगळी आहे. तुम्हाला तीनदा सांगितलं होतं. वेटरला, मॅनेजरला, बाउन्सरला. तिसऱ्या वेळी तर ‘बाहेर ये’ ही धमकी शब्दाला शब्द कळवली होती, आणि तुमच्या माणसांनी त्याला नेमकं बाहेरच नेऊन त्यांच्या हवाली केलं.

दुसरी तक्रार त्या बाटलीबद्दल आहे. ज्या टेबलाची तक्रार आली त्याच टेबलाला आणखी दारू दिली गेली.

तिसरी तक्रार गेटाची. ही मला सगळ्यात जास्त लागलीय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

माझ्या बाबांचा डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात लहानसा बार होता. चार टेबलं, एक गल्ला, मागे आमचं घर. उन्हाळ्यात हुर्राक, एरवी फेणी आणि बियर. हे पत्र दारूच्या विरोधात आहे असं म्हणून कोणी बाजूला टाकू नये, कारण माझं शिक्षण त्याच गल्ल्यावर झालंय. भांडणं तिथेही व्हायची. जमिनीची, पंचायत निवडणुकीची, कुणाच्या बैलाने कुणाची मिरची खाल्ली त्याची. बाबांची पद्धत ठरलेली होती. दोघांना एकत्र कधीच बाहेर सोडायचे नाहीत. जो जास्त चढलेला त्याचा पेला उचलून घ्यायचे, त्याला आत आमच्या ओसरीवर बसवायचे, आई ऑम्लेट-पाव करून द्यायची. दुसऱ्याला कामावरच्या पोराबरोबर बॅटरी देऊन घरापर्यंत पोचवायचे. पोरगा परत आला, ‘पावलो’ म्हणाला, की मग ओसरीवरच्याला सोडायचे. यात तास जायचा, धंदा बुडायचा. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, दोघांनाही हाकलून का देत नाही? बाबा म्हणाले, ‘हाकलून कुठे देऊ? रस्त्यावर? माझ्या दारात प्यायला आणि माझ्या दारात मेला, मग मी उद्या दार कुठल्या तोंडाने उघडू?’

बाबांकडे बाउन्सर नव्हते, कॅमेरे नव्हते, वॉकीटॉकी नव्हती. दोघांना वेगवेगळं बाहेर काढायला यातलं काहीच लागत नाही. समोरच्या दाराने एकाला आणि अर्ध्या तासाने दुसऱ्याला, एवढंच करायचं असतं. ज्याला मार बसण्याची भीती आहे त्याला पोलीस येईपर्यंत आत बसवायचं.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका क्लबात, घडलं तिथे नाही, दुसरीकडे, बाउन्सर आहे. भावाचं ऐकून घरी आला होता. मी त्याला हेच विचारलं. खाली मान घालून म्हणाला, ‘टीचर, आमका सांगलेलेंच तशें. भांडण झालं की गेटाबाहेर काढायचं, मग आपलं नाही.’ मी विचारलं, शिकवलं कोणी? शिकवत काही नाहीत म्हणाला, पहिल्या रात्री जुन्या बाउन्सरबरोबर उभं केलं, दुसऱ्या रात्रीपासून एकटा. बारा तास उभं राहायचं, जेवण उभ्याने. त्या पोरांवर माझा राग नाही. गेटाच्या आत उभ्या राहिलेल्या त्या तिघांना जे सांगितलं होतं तेच त्यांनी केलं. हा हुकूम कोणाचा, ते मला हवंय.

चौथी तक्रार कॅमेऱ्याची. नवव्या दिवशी फुटेज मागितलं तेव्हा सात दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, असं क्लबाकडून सांगण्यात आलं. बाउन्सरच्या मोबाइलवरचं चित्रीकरणही कुणाकडे नाही. ज्या रात्री तुमच्या दारात माणूस रक्तबंबाळ पडतो त्या रात्रीचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी सकाळी बाजूला काढून ठेवायला कोणाच्या अर्जाची वाट बघायची?

आता कायद्याबद्दल. मी वकील नाही, शाळेत शिकवते. पण गेल्या महिन्यांत जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं, वकिलांकडून समजून घेतलं. ‘आवाराबाहेर’ ही ढाल तुम्हाला वाटते तेवढी जाड नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधल्या कलम 2(11) मध्ये सेवेतल्या उणिवेची व्याख्या आहे. सेवा देणाऱ्याने काही केल्यामुळे किंवा करायचं ते न केल्यामुळे ग्राहकाला नुकसान किंवा इजा झाली, तर ती हयगयसुद्धा या व्याख्येत येते. माझ्या भावाने पैसे भरून तुमची सेवा घेतली होती. तुमच्या माणसांनी दारातून काढण्याआधी तो तुमचा ग्राहक होता, आणि काढण्याची ती पद्धत हीच सेवेतली उणीव, असं आमचं म्हणणं आहे. या कायद्याखाली तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. तेवढी थांबायची आमची इच्छा नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या पार्किंगमध्ये एक पाटी असते, ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’. काहींनी तसलीच पाटी आता प्रवेशदारावरही लावलीय, इजा झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. 1998 साली दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात एका गिऱ्हाइकाने गाडीची किल्ली दारातल्या माणसाच्या हातात दिली, आणि रात्री परत आला तर गाडी चोरीला गेली होती. पावतीवर लिहिलंच होतं, जबाबदारी गाडीच्या मालकाची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2019 मध्ये न्यायालयाने सांगितलं की गाडी ताब्यात घेतली की ती सांभाळण्याची जबाबदारी हॉटेलवर येते. आपल्याकडून हयगय झाली नाही हे आधी हॉटेलने दाखवायला हवं, तोवर पावतीवरच्या ओळीआड लपता येणार नाही. गाडीबद्दल कायदा इतका जागा आहे. गाडीतून उतरून आत आलेल्या माणसाची किंमत तिच्यापेक्षा कमी कशी असेल?

13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 59 माणसं गुदमरून आणि होरपळून मेली. त्या खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने मालकांची जबाबदारी तपासताना हाच पाया धरला की जागा ज्याच्या ताब्यात आहे आणि जो लोकांना पैसे घेऊन आत बोलावतो त्याने त्यांच्या जिवाची काळजी घ्यायचीच असते. तो विषय आगीचा होता, मारामारीचा नव्हता, हे मला कळतं. पण ताबा, पैसे आणि आमंत्रण या तिन्ही गोष्टी तुमच्याकडेही आहेत.

बाहेरच्या देशांतले निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नसतात. तरी दोन सांगते, कारण ते वाचताना मला आमचीच रात्र आठवली. कॅलिफोर्नियात एका बारमध्ये एका बाईने सुरक्षारक्षकाला सांगितलं की त्या टोळक्याची माझ्या नवऱ्याशी बाचाबाची होणार असं दिसतंय. रक्षकाने त्या जोडप्यालाच निघून जायला सांगितलं. सोबत कोणी गेलं नाही. बाहेर पार्किंगमध्ये टोळक्याने नवऱ्याला गाठून मारलं. 2005 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धोका समोर दिसत असताना ज्याला फारसा खर्च नाही, फारसे कष्ट नाहीत, एवढं तरी करणं बारचं कर्तव्य होतं. बाहेर पार्किंगमध्ये घडलं म्हणून बारची सुटका झाली नाही. दुसरा निकाल लंडनचा, 2003 चा. एका नाइटक्लबच्या दरवानाने क्लबाजवळच्या रस्त्यावर एका गिऱ्हाइकाला भोसकलं, तो कायमचा पंगू झाला. दरवानाकडे परवाना नव्हता आणि मालकाला ते ठाऊक होतं. अपील न्यायालयाने भरपाईसाठी मालकाला जबाबदार धरलं. इंग्लंडमध्ये दारावर उभ्या राहणाऱ्याला 2001 च्या कायद्याखाली स्वतःचा परवाना काढावा लागतो आणि कामावर असताना तो दिसेल असा अंगावर लावावा लागतो.

आपल्याकडेही कायदा आहे. खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायदा, 2005. रक्षक पुरवणाऱ्या संस्थेला परवाना लागतो, रक्षकाची पूर्वपीठिका तपासावी लागते, त्याला फोटोसह ओळखपत्र द्यावं लागतं, प्रशिक्षण द्यावं लागतं. केंद्राच्या 2006 च्या नमुना नियमांत 100 तास वर्गातलं आणि 60 तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण सांगितलंय. माझ्या विद्यार्थ्याला एक रात्र मिळाली. ‘आमचे बाउन्सर एजन्सीचे नाहीत, आमच्या पगारावरचे आहेत, त्यांना तो कायदा लागत नाही,’ असं मालक सांगतात. पगारावरचे असतील तर ते तुमचे नोकर झाले, आणि नोकर कामावर असताना जे करतो त्याची जबाबदारी मालकावर येते. एजन्सीचे असतील तर परवाना दाखवा. यातलं एक काहीतरी तुम्हाला स्वीकारावं लागेल.

तुमची बाजू मी ऐकली नाही असं नाही. एका वयस्क मालकाने मला शांतपणे समजावलं की कायदा-सुव्यवस्था पोलिसांचं काम आहे, बाउन्सरने रस्त्यावर जाऊन कुणाला हात लावला तर त्याच्यावरच गुन्हा होतो. बरोबर आहे. बाउन्सरने रस्त्यावर जाऊन मारामारी करावी असं मी म्हणतच नाही. फोन करावा, गेट उघडावं, एका माणसाला आत ओढून घ्यावं. दुसरं म्हणणं असं की पिऊन आलेल्यांची जबाबदारी किती घ्यायची. पिऊन आले नव्हते ते, तुमच्याकडे येऊन प्याले. उशिरापर्यंत बार उघडा ठेवायला तुम्ही सरकारला जादा शुल्क भरता. ते वाढीव तास ज्यांच्या जिवावर चालतात त्यांचा जीव त्याच तासांत सांभाळायचा असतो.

परवाने देणाऱ्यांना दोन शब्द. 6 डिसेंबर 2025 च्या रात्री हडफड्याच्या नाइटक्लबात आग लागून 25 माणसं गेली. त्यातली बहुतेक तिथे राबणारीच होती. त्यानंतर तपासण्या झाल्या, बाहेर पडायच्या वाटा मोजल्या गेल्या, अग्निशमन दलाचे दाखले मागितले गेले. हे व्हायलाच हवं होतं, फार आधी व्हायला हवं होतं. पण दारावर उभा असलेला माणूस कोण, त्याला काय शिकवलंय, मागच्या वर्षात या गेटावर किती जणांना मार बसला, हे परवाना देताना कोणी विचारतं का? डिसेंबर 2024 च्या शेवटच्या दिवसांत कळंगुट किनाऱ्यावर जेवणाच्या ऑर्डरवरून झालेल्या वादात आंध्र प्रदेशातून आलेल्या एका तरुणाचा मारहाणीत जीव गेला, तिथल्या शॅकशी, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खानावळीशी, संबंधित माणसांना अटक झाली. 2008 साली हणजूणच्या किनाऱ्यावर 15 वर्षांची ब्रिटिश मुलगी मरण पावली. त्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एकाला दोषी ठरवलं ते 2019 मध्ये, अकरा वर्षांनी. दर वेळी चार दिवस बातम्या येतात, गोव्याची बदनामी झाली म्हणून निवेदनं निघतात. ज्या क्लबाच्या दारात माझा भाऊ पडला होता तो आजही सुरू आहे. त्याच्या फाइलमध्ये त्या रात्रीची एक ओळसुद्धा नाही, कारण तशी ओळ लिहायला फाइलमध्ये जागाच नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

भांडण झाल्यावर दोन्ही बाजूंना एकाच वेळी, एकाच दाराने बाहेर काढणं आजपासून बंद करा. ज्याला धमकी मिळालीय त्याला पोलीस येईपर्यंत किंवा त्याची गाडी येईपर्यंत आत बसवा. याला एक रुपयाही लागत नाही.

ढकलाढकली सुरू होताच 112 वर फोन क्लबानेच करायचा. तो कोणी करायचा हे प्रत्येक रात्री नावानिशी ठरलेलं असावं, आणि ते नाव ड्यूटीवरच्या प्रत्येक वेटरला आणि बाउन्सरला पाठ असावं.

ज्या टेबलाची त्रास दिल्याची तक्रार आली त्या टेबलाला, तक्रार मिटेपर्यंत दारू देऊ नये.

प्रत्येक बाउन्सरच्या छातीवर त्याचं नाव आणि क्रमांक हवा. पगारावरचा असो की एजन्सीचा, पोलीस पडताळणी आणि 2005 च्या कायद्यातलं प्रशिक्षण दोघांनाही सारखंच हवं. त्यांना बसायला स्टूल द्या, जेवायला वेळ द्या. बारा तास उभा राहिलेला माणूस रात्री एक वाजता शहाणपणाने वागेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

गेटाबाहेरचा रस्ता आणि पार्किंग दिसेल असा कॅमेरा, आणि त्याचं रेकॉर्डिंग किमान 90 दिवस. कोणाला इजा झाली तर त्या रात्रीची प्रत चोवीस तासांत पोलिसांकडे, कोणी मागण्याआधी.

प्रत्येक क्लबात पानांवर क्रमांक घातलेली घटना-नोंदवही. परवान्याचं नूतनीकरण करताना अधिकाऱ्यांनी ती वही आणि पोलीस ठाण्यातल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. पोलिसांकडे नोंद आहे आणि वहीत नाही असं निघालं तर परवाना थांबवावा. हे परवान्याच्या अटींत स्पष्ट शब्दांत लिहावं, म्हणजे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ ही सबब उरणार नाही.

आणि ‘व्यवस्थापन जबाबदार नाही’ या पाट्या उतरवा.

भावाच्या उपचाराचा खर्च मी या पत्रात मागत नाही. तो आम्ही जिल्हा ग्राहक आयोगापुढे मागणार आहोत, कागदपत्रांची फाइल तयार आहे, तो मनगटाचा पट्टाही तिच्यात आहे. इथे जे मागितलंय ते पुढच्या माणसासाठी. त्याला कुठलीही समिती, कुठलाही नवा कायदा लागत नाही. तुमच्यापैकी प्रत्येक जण आज संध्याकाळी क्लब उघडण्याआधी आपल्या माणसांना एकत्र बोलावून दहा मिनिटांत हे सांगू शकतो.

परवा शनिवार आहे. त्या रात्री तुमच्या गेटावर कोण उभा असेल आणि फोन कोण करेल, ती दोन नावं तेवढी आजच लिहून काढा.

आपली,
मार खाल्लेल्या एका मुलाची थोरली बहीण
डिचोली, गोवा